सामायिक ब्लॉक स्टोरेज (लिनक्स)

एकच डिस्क अनेक लिनक्स मशीननी एकाच वेळी वापरायची पद्धत, मधे एनएफएस किंवा सांबा (नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या सोयी) न घालता. सर्व्हर इथे फाइली देत नाही, नुसते ब्लॉक (डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे) देतो, आणि प्रत्येक मशीनला ती आपलीच लोकल डिस्क वाटते. डिस्क पोचवायला फायबर चॅनल, आयस्कझी (आरएफसी ३७२०, २००४), एटीए ओव्हर इथरनेट, एनबीडी वगैरे.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक मत मिनेसोटा विद्यापीठातल्या जीएफएसपासून (ग्लोबल फाइल सिस्टिम, अनेक मशीननी एकच डिस्क वापरायची फाइल सिस्टिम) मोजतं, हे काम साधारण १९९५ च्या सुमारास सुरू झालं, आधी एसजीआय कंपनीच्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, मग लिनक्सवर, पुढे ते सिस्टिना कंपनीकडे गेलं आणि २००३ च्या शेवटी रेड हॅटने सिस्टिनाच घेतली. त्याची पुढची आवृत्ती जीएफएस२ लिनक्सच्या कर्नल (गाभा) २.६.१९ मध्ये (२००६) आली, ओरॅकलची तशीच फाइल सिस्टिम ओसीएफएस२ त्याच वर्षी जरा आधी, २.६.१६ मध्ये. दुसरं मत पार डेक कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टरपर्यंत (१९८३, व्हीएमएस ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी व्हॅक्स मशीन एकत्र जोडलेली) मागे जातं. नुसत्या लिनक्सपुरतं बघितलं तर पहिलं मत चालेल, पण या सगळ्याचा जीव लॉकमध्ये (कोणत्या मशीनने कधी काय वाचायचं-लिहायचं याची कुलपं) आहे आणि लिनक्सच्या डीएलएममधले (मशीनमशीनमधली ही कुलपं सांभाळणारा भाग) सहा लॉक मोड, नलपासून एक्सक्लुझिव्हपर्यंत, व्हीएमएसच्याच वळणाचे आहेत, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं.

लॉक कशाला ते एक्सटी४ या एकाच मशीनसाठी केलेल्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर लगेच कळतं. तीच डिस्क दोन मशीनवर माउंट केली, पहिल्यावर फाइल टाकली आणि दुसऱ्यावर एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं तर फाइल दिसतच नाही, कारण दुसरं मशीन स्वतःच्या मेमरीतली जुनी यादी दाखवतं, आणि त्याच जुन्या यादीवरून मोकळा समजून तोच ब्लॉक ते स्वतःच्या फाइलला देऊन टाकतं. डेटा गेला. एक्सएफएस या दुसऱ्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचंही तेच. जीएफएस२ मध्ये प्रत्येक मशीनला वेगळं जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) लागतं, तीन मशीन तर तीन जर्नल, आणि एक मशीन पडलं की उरलेल्यांपैकी कोणीतरी त्याचं जर्नल पूर्ण करतं.

पण ते खरंच पडलंय याची खात्री आधी हवी, त्यासाठी ते मशीन बंद करतात किंवा डिस्कपासून तोडतात, यालाच फेन्सिंग म्हणतात, आणि कोकणात खरी अडचण इथेच येते. मिरग लागला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, रत्नागिरी-कुडाळकडे छोट्या ऑफिसात सगळा भार एका यूपीएसवर असतो. मशीनची लाइट गेली की त्याचं आयपीएमआयही (मशीन लांबून चालू-बंद करायची सोय) बंद पडतं, मग ‘बंद कर’ या हुकमाला उत्तरच येत नाही, क्लस्टर (ही जोडलेली सगळी मशीन) खात्री होईपर्यंत थांबून राहतो आणि चालू मशीनवरची फाइल सिस्टिमपण अडकते. बिघाड वाटला तरी डेटा वाचतो तो याच थांबण्यामुळे, म्हणून फेन्सिंग काढून टाकू नये! त्यापेक्षा फेन्सिंगसाठी स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (डिस्कवरच ठेवलेली परवानगीची नोंद) बरं, त्यात डिस्कच त्या मशीनचं लिहिणं नाकारते, त्याला लाइट असो नसो.

एकच डिस्क म्हणजे धोकाही एकाच जागी. डीआरबीडी (कर्नल २.६.३३, २०१०) दोन मशीनच्या डिस्क नेटवर्कवरून सारख्या ठेवतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तशा गावात दुसरी कॉपी उंचावरच्या इमारतीत हवी. लांबच्या लाइनला डीआरबीडीचा प्रोटोकॉल ए चालतो, तो पलीकडे लिहून होण्याची वाट बघत नाही, पण दोन्हीकडून एकदम लिहायचं असेल तर प्रोटोकॉल सीच (पलीकडे लिहून होईपर्यंत थांबणारा) लागतो, आणि वर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ हवंच.