कडब्याच्या पेंडीतले विज्ञान

फेब्रुवारीच्या सुमारास मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी सुरू झाली, की बाहेरून आलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन जाणवते. गहू विळ्याने कापतात. शाळू मात्र बहुतेक ठिकाणी मुळासकट उपटतात. उपटल्यामुळे बुडखा रानात राहत नाही आणि ताट पूर्ण लांबीचे हाती येते. ताटे वाळली, की त्यांच्या पेंड्या बांधतात, पेंड्यांचे बुचाड रचतात, सवडीने कणसे खुडतात आणि मग कडब्याची गंज गोठ्याशेजारी उभी राहते. दाणा पोत्यात जातो, कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी कडब्याचे पैसे दाण्याच्या पैशांच्या बरोबरीला येऊन बसतात. शेतकऱ्याच्या हिशोबी ही एकाच पिकाची दोन उत्पन्ने आहेत. पीक सुधारणाऱ्या शास्त्रज्ञांच्या वहीत मात्र दीर्घकाळ एकाच उत्पन्नाचा रकाना होता.

भारतातील पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ मध्ये प्रसारित झाली. ती बुटकी होती, लवकर पिकणारी होती आणि दाण्याला जड होती. धान्यटंचाईच्या त्या काळात दाण्यावर सगळा भर असणे समजण्यासारखे आहे. तिच्यामागून आलेल्या संकरित वाणांनी खरीप ज्वारीचे उत्पादन खरोखरच वाढवले. पण आखूड ताटांमुळे गोठ्याच्या वाट्याला वैरण कमी आली, आणि पीक तयार होताना परतीचा पाऊस गाठला, की दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडू लागला. पुढे सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी मागे हटत गेली. रब्बीत मात्र ही क्रांती पोहोचलीच नाही, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. तिथे १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ शेतकऱ्यांनी कित्येक दशके सोडली नाही, आणि आजही अनेक जण सोडायला तयार नाहीत.

याला हट्ट म्हणण्याआधी रब्बी ज्वारीची परिस्थिती पाहायला हवी. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतो, आणि सुमारे चार महिने पीक केवळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगते. ही ओल वरून खाली आटत जाते, त्यामुळे दाणा भरण्याची वेळ येते तेव्हा मुळांना सर्वांत खोल थरातले पाणी शोधावे लागते. त्यातच पीक रोपावस्थेत असताना खोडमाशी येते. ती पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. भल्या पहाटे अळी बाहेर पडते आणि पोंग्यातल्या, म्हणजे रोपाच्या मधोमध गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतल्या, ओलसर पानावरून सरपटत खाली उतरून वाढीचा कोंब कुरतडते. दोनचार दिवसांत पोंगा सुकतो आणि हाताने ओढला तर अलगद निघून येतो. पोंग्यावरचा हा ओलावा दवाचा असावा, असे कुणालाही वाटेल. पण तो प्रामुख्याने रोपाच्या आतूनच पाझरतो, असे हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतील अभ्यासात दिसून आले. ज्या वाणांची रोपे तकतकीत, अरुंद व उभट पानांची असतात आणि ज्यांच्या पानांवर बारीक लव असते, त्यांच्या पोंग्यावर हा ओलावा कमी असतो आणि अळीची वाट अवघड होते. मालदांडीत हा गुण बऱ्यापैकी आहे. बाहेरून आणलेल्या अनेक जातिवंत वाणांत तो नव्हता, आणि दाण्याचे आकडे कितीही चांगले असले, तरी पोंगेमर झालेल्या रानात ते उपयोगाचे नव्हते.

आता गोठ्याकडे वळू. जनावराच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि कडब्यातले सेल्युलोज प्रत्यक्षात तेच पचवतात; गायीला स्वतःला ते साधत नाही. सेल्युलोजच्या धाग्यांना लिग्निन नावाचे कठीण द्रव्य वेढून बसलेले असते. लिग्निनमुळे ताट ताठ उभे राहते, पण त्याच्याचमुळे सूक्ष्मजीवांना धाग्यांपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून दोन पेंड्या वजनाला सारख्या असल्या, तरी पोटात गेल्यावर त्या सारख्या नसतात.

हे मोजायचे कसे, यावर जर्मनीतील होहेनहाइम येथे १९७० च्या दशकात एक सुटसुटीत पद्धत तयार झाली. जनावराच्या कोठीपोटातला द्रव काढून कापडातून गाळतात, काचेच्या मोठ्या पिचकारीत वैरणीची सुमारे २०० मिलिग्रॅम पूड घेऊन तो तिच्यावर ओततात आणि पिचकारी ३९ अंश सेल्सिअसला, म्हणजे गायीच्या अंगाच्या उबेला, २४ तास ठेवतात. पूड आंबू लागली, की वायू तयार होतो आणि पिचकारीचा दट्ट्या हळूहळू वर सरकतो. दट्ट्या जितका वर, तितकी वैरण पचायला सोपी. एका अर्थाने ही काचेची गायच आहे. नवे वाण घडवणाऱ्या पीक पैदासकाराला मात्र एका हंगामात हजारो नमुने तपासायचे असतात, आणि तिथे ही गाय कमी पडते; म्हणून पिचकारीतून मिळालेल्या आकड्यांच्या आधारे अवरक्त किरणांचे यंत्र पारखून घेतात. पुडीवर किरण टाकले, की कोणत्या लांबीच्या लहरी किती परावर्तित झाल्या त्यावरून पचनीयतेचा अंदाज काही मिनिटांत मिळतो.

या सगळ्याला पैशाचा अर्थ आहे का, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेचे मायकल ब्लूमेल आणि इक्रिसॅटचे पी. पार्थसारथी राव यांनी थेट बाजारात नेला. हैदराबादच्या शहरी गोठ्यांना ज्वारीचा कडबा पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून त्यांनी दरमहा नमुने घेतले, भाव नोंदवले आणि प्रयोगशाळेत पचनीयता मोजली. ती साधारण ४७ ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान निघाली. फरक अवघ्या ५ टक्क्यांचा. पण सर्वांत चांगल्या कडब्याला सर्वांत हलक्या कडब्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भाव मिळत होता. व्यापाऱ्यांजवळ ना पिचकारी होती ना किरणांचे यंत्र. ताट मोडून, रंग पाहून आणि हातात तोलून ते जे ठरवत होते, ते प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळत होते. मला स्वतःला या अभ्यासातला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो.

पाच टक्क्यांना इतका भाव का, हे समजण्यासाठी ढोबळ हिशोब पुरेसा आहे. मध्यम वजनाची गाय दिवसाकाठी ८ किलो कोरडी वैरण खाते असे धरू. ४७ टक्के पचनीयतेला तिच्या अंगी ३.७६ किलो लागते आणि ५२ टक्क्यांना ४.१६ किलो, म्हणजे फरक ४०० ग्रॅमचा. वरवर पाहता ही वाढ दहाएक टक्क्यांची आहे. पण गायीचा बराचसा आहार आधी स्वतःचे शरीर चालवण्यात खर्च होतो आणि उरलेल्यातून दूध बनते. त्यामुळे हे ४०० ग्रॅम जवळजवळ पूर्णपणे उरलेल्याच्या बाजूला पडतात. वैरणच हलकी असेल, तर गाय ती जास्त खाऊन तूट भरून काढू शकत नाही, कारण न पचलेला चोथा कोठीपोटात जागा अडवून बसतो.

ताटाचा दर्जा ओळखायची एक खूण कुणालाही रानात उभ्या उभ्या पाहता येते, ती म्हणजे पानाची मधली शीर. शीर पांढरीशुभ्र आणि अपारदर्शक असेल, तर ताटाचा गाभा भेंडासारखा कोरडा असतो. ती मळकट हिरवट असेल, तर ताट रसाळ असते. हा फरक एकाच जनुकाचा आहे आणि ते जनुक कोणते, हे २०१८ मध्ये निश्चित झाले: ते काम करत असले, की गाभ्यातल्या पेशी ठरलेल्या वेळी मरतात आणि त्यांच्या जागी हवा भरते, ते बिघडलेले असले, की पेशी जिवंत राहून रस धरून ठेवतात. शीर तपकिरी असेल, तर गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९७० च्या दशकात ज्वारीत मुद्दाम उत्परिवर्तने घडवून तपकिरी शिरेची झाडे मिळवली गेली, आणि त्यांच्यात लिग्निन कमी, म्हणून पचनीयता जास्त असल्याचे दिसले. हिरव्या चाऱ्याच्या वाणांसाठी हा गुण वापरला जातो. पण लिग्निन कमी म्हणजे ताटाचा ताठपणाही कमी होण्याचा धोका. कणसाचे ओझे डोक्यावर घेऊन वाऱ्यात उभे राहायचे असलेल्या शाळूला तो सहज परवडणारा नाही.

शाळूसाठी जास्त आशादायक वाटणारा गुण दुसराच आहे. दाणा पक्व होत आला, तरी ज्यांची पाने आणि ताट हिरवे राहते, अशी काही ज्वारी असते. इथिओपियातील मूळ वाणापासून तयार झालेली बी-३५ ही त्यातली सर्वाधिक अभ्यासलेली. तिच्या हिरवेपणाला कारणीभूत असलेले गुणसूत्रांवरचे भाग ओळखून पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी ते आर-१६ आणि एस-३५ या वाणांमध्ये संकर करून, पिढ्यानपिढ्या परत त्याच दोन वाणांशी जुळवत आणले. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिरवेपणामागचे कारण उलगडले, आणि ते शेतकऱ्याच्या काटकसरीसारखे आहे: अशी झाडे फुटवे कमी काढतात, फुलोऱ्यापूर्वी पानांचा पसारा आटोपशीर ठेवतात आणि जमिनीतली ओल दाणा भरण्याच्या दिवसांसाठी राखून ठेवतात.

हे पाण्याचे राजकारण उघड्यावर पाहता यावे, म्हणून पाटणचेरूला सुमारे २ मीटर खोल नळकांड्यांमध्ये माती भरून त्यांत एकेक झाड वाढवतात, आणि ठराविक दिवसांनी ती नळकांडी उचलून काट्यावर टांगतात. वजनात जी घट येते, तेवढे पाणी झाडाने प्यायलेले असते. एकूण पाण्याइतकेच ते कोणत्या आठवड्यात प्यायले गेले, याला महत्त्व असल्याचे अशा मोजणीतून दिसले. मात्र तेच गुणसूत्राचे भाग एका वाणात घातले की चांगला परिणाम दिसतो आणि दुसऱ्यात फारसा दिसत नाही; जनुक नेऊन ठेवले की काम झाले, असे इथे होत नाही. हिरव्या राहणाऱ्या ताटाचा आणखी एक फायदा आहे. फुलोऱ्यानंतर जमीन तापली आणि ओल आटली, की खडखड्या रोगाची बुरशी बुंध्यात शिरते, गाभा पोकळ करते आणि पीक लोळते. लोळलेल्या ताटाचा दाणाही हलका आणि कडबाही. शेवटपर्यंत रस धरून असलेले ताट या बुरशीला सहजासहजी बळी पडत नाही.

उंच वाढणारी ज्वारी दाण्यात कमी पडणार आणि दाण्यात चढ असलेली ज्वारी वैरणीत, ही समजूतही आता पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. भारतातील वाणांच्या चाचण्यांमध्ये पचनीयतेतला फरक बराच मोठा आढळला, आणि तो दाण्याच्या उत्पादनाशी बांधलेला नव्हता. म्हणजे दाणा न गमावता चांगला कडबा देणारे वाण निवडणे शक्य होते. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळे वाण दिले आहेत: हलक्या रानासाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. परभणीच्या विद्यापीठाची परभणी मोतीही शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. या सगळ्यांची तुलना अजूनही मालदांडीशीच होते, आणि त्या तुलनेत भाकरीची चव, दाण्याचा मोत्यासारखा रंग आणि कडबा हे सारे येते.

कोवळ्या ज्वारीबद्दल एक इशारा इथेच द्यायला हवा. तिच्यात धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले गेले, की पानात वेगळ्या जागी ठेवलेले विकर (एन्झाइम) त्याला येऊन मिळते आणि सायनाइड तयार होते. अरबीत ज्वारीला असलेल्या ‘धुरा’ या नावावरून ते नाव पडले. रोपावस्थेत आणि पाण्याच्या ताणानंतर फुटलेल्या खोडव्यात हे द्रव्य जास्त असते, म्हणून फुलोऱ्यापूर्वीची ज्वारी जनावरांना चारू नये. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका राहत नाही. धुरिन अजिबात न बनवणारे ज्वारीचे झाड ऑस्ट्रेलिया आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये जाहीर केले. टंचाईच्या वर्षी, कणीस न धरताच करपू लागलेली ज्वारी नाइलाजाने जनावरापुढे टाकावी लागते, अशा प्रदेशात या संशोधनाचे मोल वेगळे सांगायला नको.

वाणांवर वर्षानुवर्षे चाललेले हे काम एका बाजूला, आणि गावात मजूर मिळेनासे होणे दुसऱ्या बाजूला. ज्वारी उपटणे हे अंग मोडणारे काम आहे आणि शाळूचे क्षेत्र घटण्यामागे त्याचाही हात आहे. यंत्राने काढणी करायची, तर पीक सरळ उभे, एका उंचीचे आणि फार उंच नसलेले हवे; मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते आणि जोराच्या वाऱ्यात कलते. मोठे कापणी-मळणी यंत्र दाणा वेगळा काढते, पण ताटाचा चुरा करून रानात फेकते. त्यामुळे पैदासकारांपुढे आता यंत्राला चालेल इतके आटोपशीर आणि तरीही गंज भरेल इतकी वैरण देणारे ताट घडवण्याचे काम आले आहे. नुसते ताट कापणारी छोटी यंत्रे काही गावांत फिरू लागली आहेत, पण त्यांच्या मागे बुडखा उरतो, आणि जुनी माणसे तो पाहून हळहळतात.