व्हीसीआर, केबल आणि सेट-टॉप बॉक्स: टीव्हीच्या मागच्या वायरींची पार्श्वभूमी

१९७३ मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात टीव्ही दिसू लागला, १९८२ मध्ये तो रंगीत झाला, आणि आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर, म्हणजे कॅसेट दाखवणारी आणि टेपही करणारी यंत्रं, दिसू लागले. तेव्हाची जोडणी सरळ होती. अँटेनाची वायर व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरची वायर टीव्हीच्या अँटेना-सॉकेटमध्ये. कॅसेटवरचं चित्र व्हीसीआर एखाद्या रिकाम्या चॅनलवर चढवून पाठवायचा आणि टीव्ही ते नेहमीच्या प्रक्षेपणासारखंच पकडायचा. घोळ व्हायचा तो आवाजाचा. इंग्लंड किंवा हाँगकाँगच्या बाजारासाठी बनलेल्या यंत्रात ‘पाल’ ही रंगीत प्रक्षेपणाची पद्धत आपल्यासारखीच, पण चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ६ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे ५.५. चित्र झकास, आवाजाच्या जागी खरखर. मग यंत्र उघडून मॉड्युलेटर (चित्र-आवाज चॅनलवर चढवणारा भाग) जुळवून घेणं आलं, नाहीतर चित्र आणि आवाज थेट नेणारी पिवळी-पांढरी एव्ही वायर लावणं. पण ती घ्यायला टीव्हीला तशी सॉकेट हवीत, आणि जुन्या संचांना ती बहुधा नसत.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि व्हीसीआरचे खरे दिवस सुरू झाले. भाड्याने आणायच्या, नुसती कॅसेट दाखवणाऱ्या व्हीसीपीला ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) नसे, व्हीसीआरला असे, आणि सगळी गंमत त्या ट्यूनरची होती. केबलच्या एकाच वायरीतून सगळी चॅनल उघडीच यायची. त्यामुळे टीव्हीवर मॅच चालू असताना व्हीसीआर दुसऱ्या चॅनलवरची मालिका टेप करू शके. टायमर लावून गावाला जाता येई. केबलवाले जी वरची चॅनल देत ती जुन्या टीव्हीला पकडता येत नसत. व्हीसीआरचा ट्यूनर त्यांना पकडून टीव्हीच्या ओळखीच्या चॅनलवर आणून देई.

हे सगळं संपवणारा निर्णय दिल्लीत झाला. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने डिजिटल, कुलूपबंद (बॉक्सशिवाय न उलगडणारं) प्रक्षेपण सक्तीचं झालं. दक्षिण मुंबईसारख्या काही भागांत सशुल्क चॅनलसाठी सेट-टॉप बॉक्सची सक्ती २००७ पासूनच होती. पुणे तेव्हा सुटलं होतं. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही होती, मुदत ३१ मार्च २०१३. या सक्तीची बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: केबलवाले ग्राहकांचा आकडा कमी दाखवत, कर बुडे, चित्रही मुंग्यांचं. पण चर्चा झाली ती महसुलाची, चॅनलच्या दरांची आणि बॉक्सच्या तुटवड्याची. घरच्या रेकॉर्डिंगचं काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

बॉक्स एका वेळी एकच चॅनल उलगडतो. म्हणजे व्हीसीआरचा, किंवा तोवर आलेल्या डीव्हीडी रेकॉर्डरचा, ट्यूनर एका दिवसात निकामी. टायमरने रेकॉर्डर वेळेवर चालू होई, पण बॉक्सवर आदल्या रात्री जे चॅनल राहिलं असेल तेच टेप होई. एक पाहायचं आणि दुसरं टेप करायचं तर दुसरा बॉक्स, म्हणजे महिन्याचं दुसरं बिल. हार्ड डिस्कवाले बॉक्स आले खरे, पण त्यांतलं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं, शेजाऱ्याला देता येत नाही. ग्राहकाला निवड मिळाली असं सांगितलं गेलं. टेप करून ठेवायची मुभा गेली, हे कुठे नोंदलं गेलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी डिजिटल जोडणी, एचडीएमआय, आली, त्यातून कॉपी रोखणारं कुलूप आलं, आणि २०१६ मध्ये जपानमधल्या शेवटच्या कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. कपाटातल्या लग्नाच्या कॅसेटी नव्या टीव्हीवर पाहायच्या तर आता छोटा कन्व्हर्टर लागतो. तो एकाच दिशेने चालतो, आणि दोन्ही दिशांचे दिसायला जवळपास सारखेच असतात. तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मागताना ‘एव्हीतून एचडीएमआयमध्ये’ असं स्पष्ट सांगावं; उलटा घेतला तर पडदा काळाच राहतो.