जुनं मशीन दुरुस्त करायचं की बदलायचं? फोन करण्याआधी हे वाचा

आम्हाला येणाऱ्या फोनवर एक प्रश्न हमखास असतो, "बारा वर्षं झाली फ्रिजला, आता काढूनच टाकू का?" आणि आम्ही उलट विचारतो, झालंय काय त्याला? कारण नुसत्या वयावरून काही ठरत नाही. फ्रिज साधारण 10 ते 15 वर्षं चालतो, वॉशिंग मशीन 10 च्या आसपास, मायक्रोवेव्ह त्याहून थोडा कमी, पण हे सगळे ढोबळ आकडे, तुमच्या घरातल्या मशीनला ते माहीत नसतात. बघायचं एवढंच की गेलेला पार्ट सहज बदलता येण्यासारखा आहे की मशीनच्या पोटातला आहे. पहिला असेल तर जुन्या मशीनलाही खर्च करायला हरकत नाही, दुसरा असेल तर पाच वर्षांच्या मशीनलाही दोनदा विचार करा. (आम्ही दुरुस्तीही करतो आणि नवीनही विकतो, म्हणजे तुम्ही काहीही ठरवलंत तरी आमचं नुकसान नाही, तरीपण कुणाच्या नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नका, आमच्यासुद्धा.)

फ्रिज

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थंड होत नाही म्हटलं की लोक लगेच "गॅस संपला" म्हणतात. गॅस संपत नाही हो! तो बंद पाइपांमधून गोल गोल फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता गॅस भरला तर काही महिन्यांत परत तेच. लीक मागच्या बाजूच्या दिसणाऱ्या जॉइंटला असेल तर होतं काम, पण आतल्या फोममध्ये पुरलेल्या पाइपला असेल तर तिथे हात पोचत नाही, तो फ्रिज बदललेलाच बरा. गॅस भरून घेताय तर एक विचारा, व्हॅक्यूम केलं का (म्हणजे पाइपांमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढली का) आणि गॅसच्या पाइपातला ओल शोषणारा फिल्टर नवीन टाकला का. सिस्टीम उघडली की हे दोन्ही करावंच लागतं, जो नको म्हणेल त्याच्याकडून करून घेऊ नका. नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, तिथे तर माहितगार माणूसच हवा.

दुसरं म्हणजे "कंप्रेसर गेला", म्हणजे गॅस दाबून पाइपांमधून फिरवणारा मागचा मोटरचा डबा. मागे कान देऊन ऐका. घूंऽऽ असा काही सेकंद आवाज येतो, मग टक, मग शांत, आणि थोड्या वेळाने परत घूंऽऽ टक. म्हणजे कंप्रेसर चालू व्हायला बघतोय पण होत नाहीये. यात पुष्कळदा कंप्रेसर ठणठणीत असतो आणि त्याला चालू करून देणारा, बाजूला लावलेला छोटासा रिले गेलेला असतो, तो काढून हलवला की कधीकधी आत तुकडे खुळखुळतात. स्वस्त पार्ट आहे, आधी तो बदलून बघायचा. रिले आणि ओव्हरलोड (कंप्रेसर जास्त तापला की वीज तोडणारा पार्ट) दोन्ही नवीन टाकूनही तेच होत असेल तर मग कंप्रेसरकडे बोट दाखवा, आणि जुन्या फ्रिजला नवीन कंप्रेसर टाकायच्या भानगडीत आम्ही तरी सहसा पडू देत नाही.

बाकी छोट्या गोष्टी. खालच्या ड्रॉवरखाली पाणी साचतंय? मागच्या भिंतीतलं ड्रेनचं भोक तुंबलंय, बिघाड नाही. फ्रिज सतत चालतो, बंदच होत नाही? दरवाजात एक कागद अडकवून दार लावा आणि ओढा, अलगद निघून आला तर तिथलं रबर ढिलं झालंय. मागची जाळी धुळीने भरली असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा. हे सगळं करूनही आत थर्मामीटर ठेवल्यावर 4 डिग्रीच्या आसपास येत नसेल, तर आम्हाला बोलवा.

वॉशिंग मशीन

स्पिनला मशीन विमानासारखं ओरडायला लागलं की बेअरिंगचा (ड्रम ज्याच्यावर फिरतो त्या पार्टचा) संशय घ्यायचा. फ्रंट लोड असेल तर प्लग काढा, ड्रममध्ये हात घालून वरची कड धरा आणि वरखाली हलवा. ड्रम आणि बाहेरची टाकी एकत्र हलत असेल तर ठीक, तेवढं ते हलायलाच हवं. पण नुसता ड्रम आत खटखट करत असेल किंवा हाताने फिरवताना घरघर लागत असेल तर बेअरिंग गेलंच. त्याच्या मागचं सील गळतं, पाणी बेअरिंगमध्ये जातं, गंज चढतो, असा तो प्रकार. लवकर पकडलं तर सील आणि बेअरिंगवर भागतं, सहा महिने तसंच रेटलं तर शाफ्टपण (ड्रमचा दांडा) जातो. आणि आता बऱ्याच मॉडेलमध्ये टाकी चिकटवून बंदच केलेली असते, म्हणजे बेअरिंगसाठी अख्खी टाकी घ्या! अशा वेळी मशीनचं वय बघा आणि सरळ नवीन घ्या.

पाणी निघत नाही, आवाज येतोय पण उपसत नाही, तर आधी खालचा फिल्टर उघडा. नाणी, पिना, मोजे, काय काय निघतं विचारू नका. पट्टा, पंप, दाराचं रबर, मोटरमधले झिजणारे कार्बन, हे सगळे बदलायचे पार्ट आहेत, त्यासाठी कोणी मशीन काढायला सांगत असेल तर दुसऱ्याला विचारा. बोर्डाचं (मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचं) मात्र सांगता येत नाही. एकदा गेला तर दुरुस्त होतो, पण मॉडेल जुनं झालं की नवीन बोर्ड मिळत नाही, आणि दुरुस्त केलेला बोर्ड परत परत जायला लागला की तिथे थांबा.

गिझर, मायक्रोवेव्ह

गिझरची टाकीच गळत असेल तर विषय संपला, तिला वेल्डिंग वगैरे करत बसू नका. पण गळती टाकीची आहे की नळाच्या जॉइंटची हे आधी बघा, आणि पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणं नॉर्मल आहे. पाणी उशिरा तापतं, आतून कडकड आवाज येतो, म्हणजे कॉइलवर क्षार बसलेत, साफ होतात. आत एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकीऐवजी तो स्वतः गंजतो, वर्षा-दोन वर्षांनी तो बघून बदलला तर टाकी कितीतरी जास्त टिकते, पण हे सहसा कोणी करत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडाल्या तर घाबरून फेकू नका, आतल्या बाजूचा अभ्रकाचा पत्रा जळालेला असू शकतो, तेवढाच बदलतो. वापरणं मात्र लगेच बंद करा. मॅग्नेट्रॉन (अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा पार्ट) गेला तर बहुतेक वेळा नवीनच परवडतो. घरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठलेला असतो.

विजेच्या बिलाचं काय

"नवीन घेतलं की वीज वाचते" हे अर्धंच खरं आहे. फ्रिज 24 तास चालू असतो म्हणून तिथे फरक पडतो. प्लगमध्ये लावायचा मीटर मिळतो, तो एक दिवस लावून ठेवा, समजा जुना रोज 2.5 युनिट घेतोय आणि नवीन 1 युनिट घेणार असेल, तर वर्षाला साडेपाचशेच्या आसपास युनिट झाले, त्याला तुमच्या दराने गुणा. पण मायक्रोवेव्ह दिवसात पंधरा मिनिटं चालतो, तिथे काय वाचणार. आणि इलेक्ट्रिक गिझरची कॉइल जुनी असो की नवी, घेतलेल्या विजेची जवळपास सगळी उष्णताच करते, नव्यात वाचलंच तर टाकीच्या चांगल्या इन्सुलेशनमुळे थोडंफार. फक्त बिलासाठी गिझर बदलू नका.

खर्चाचा एक जुना हिशेब आहे, दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल आणि मशीनचं अर्धं आयुष्य झालं असेल तर बदला. आम्ही त्यात गेल्या वर्षभरातली दुरुस्तीची बिलंही धरायला सांगतो, नाहीतर थोडं थोडं करत नव्याची किंमत कधी ओलांडली ते कळतच नाही.

हे मात्र लगेच बंद करा

अंगाला झिणझिण्या येत असतील, प्लग काळा पडला असेल, जळका वास येत असेल, मायक्रोवेव्हचं दार नीट लागत नसेल तर तिथे वय, खर्च काही बघू नका, आधी बंद. झिणझिण्या कधीकधी घराच्या अर्थिंगमुळेही येतात, म्हणून मशीन टाकून द्यायच्या आधी वायरिंग तपासून घ्या.

फोन करताना मशीनवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा (मॉडेल नंबर दिसला पाहिजे), आणि आवाज येत असेल तर व्हिडिओ, त्यावरून बरंच कळतं आणि कधीकधी आमची चक्करही वाचते. जुनं मशीन द्यायचं असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या, फ्रिजचे पाइप कापून गॅस हवेत सोडणाऱ्याला नको. आणि ई-कचरावाला नेईपर्यंत फ्रिज बाहेर ठेवणार असाल तर दार काढून ठेवा, लहान मुलं खेळताना आत जाऊन बसतात.