पाऊण नंबरची काच, तिप्पट थरथर

कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेल्या) धनुष्याचं लक्ष्य 50 मीटरवर असतं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 8 सेंटिमीटरचं. म्हणजे हातभर लांब धरलेला मोहरीचा दाणा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला जगज्जेते झाले ते असल्या दाण्यावर बाण मारून. तेव्हा नाशिकच्या मैदानावर नवख्या पोरांचा (आणि त्याहून जास्त त्यांच्या वडिलांचा) पहिला प्रश्न ठरलेला: स्कोपला, म्हणजे धनुष्यावर नेम धरायच्या भिंगाला, सगळ्यात मोठं दाखवणारी काच कोणती?

खरं तर स्कोप म्हणजे दुर्बीण नव्हे. एका कड्यात बसवलेली, चष्म्याला असते तशी प्लस नंबरची काच. पाव, अर्धा, पाऊण, फार तर एक नंबर. गंगापूर रोडवरच्या एखाद्या चष्मेवाल्याकडे अर्ध्या नंबरची काच मागून घ्या आणि समोरच्या दुकानाची पाटी बघा. डोळ्याला लावली तर पाटी आहे तेवढीच. हात लांब करत जा, अक्षरं फुगत जातात. मोठेपणा एकट्या काचेत नसतो, डोळ्यापासूनच्या अंतरातही असतो.

हिशेब सोपा आहे. अंतर मीटरमध्ये घ्या, नंबरने गुणा, उत्तर एकातून वजा करा आणि उरेल त्याने एकाला भागा. धनुष्य ताणल्यावर काच डोळ्यापासून 90 सेंटिमीटरवर असेल तर अर्धा नंबर सुमारे 1.8 पट दाखवतो, पाऊण नंबर 3 पट. आखूड हातांच्या मुलीचं अंतर 80 भरलं, तर तीच पाऊण नंबरची काच तिला अडीच पटच देते. म्हणून काचेवर छापलेल्या ‘चार पट’, ‘सहा पट’वर जाऊ नका.

आता खरी मेख. लक्ष्य तिप्पट दिसतं तेव्हा हाताची थरथरही तिप्पट दिसते. हात काही जास्त हलत नाही, पण काचेवरच्या नेमाच्या ठिपक्यामागे लक्ष्याच्या मधला पिवळा रंग सैरावैरा पळताना दिसला की पोरं घाबरून रिलीज (दोरी सोडायचा खटका) दाबतात. मोठ्या नंबरची काच बाण वाया घालवते ती इथे.

शिवाय धूसरपणा. प्लस काचेतून येणारे किरण डोळ्यात शिरण्याआधीच एकमेकांकडे झुकलेले असतात. जवळचं बघताना डोळा आपली ताकद वाढवू शकतो, अशी जादा ताकद वजा मात्र करू शकत नाही. म्हणून दोरीतल्या पीपमध्ये (नेम धरताना डोळा लावायच्या बारीक भोकाच्या कड्यात) छोटी मायनस काच बसवतात. मग दोन्ही काचांची मिळून गॅलिलिओच्या धर्तीची दुर्बीण तयार होते. पीपचं भोक लहान केलं तरी चित्र सुधारतं, पण श्रावणातल्या ढगाळ दुपारी त्यातून उजेड पुरत नाही.

माझं मत विचाराल तर अर्ध्या नंबरपासून सुरुवात करावी. रोजचा चष्मा लावूनच काच निवडावी. पाऊण नंबरवर जायचं असेल तर दोन्ही काचांनी मारलेल्या बाणांचे गट मोजून ठरवावं, चित्र किती छान दिसतं यावरून नाही. आणि काच बदलली की साईट (धनुष्यावरचं नेमाचं साधन) नव्याने लावून घ्यावी, कारण नव्या काचेचा प्रकाशीय मध्य ठिपक्याखाली तंतोतंत येईलच असं नाही.