ॲनिमल हाऊसच्या (प्रयोगासाठीचे प्राणी ठेवतात त्या जागेच्या) स्टाफसाठी रिफ्रेशर ट्रेनिंग

"इतकी वर्षं उंदीर हाताळतोय, आता नवीन काय शिकायचं?" हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बॅचला कोणीतरी विचारतंच, आणि राग येण्यासारखं त्यात काही नाही. अनुभव खराच असतो. फक्त मधल्या काळात पद्धती बदललेल्या असतात आणि ते कोणी सांगितलेलंच नसतं.

शेपटीला धरून उचलण्याचंच घ्या. बहुतेक जण तसंच शिकलेत. पण २०१० साली हर्स्ट आणि वेस्ट या संशोधकांनी दाखवून दिलं की ट्यूबमधून किंवा ओंजळीत उचललेला उंदीर माणसाला खूप कमी घाबरतो, उलट स्वतःहून हाताजवळ येतो, आणि घाबरलेल्या प्राण्याकडून मिळालेल्या डेटावर किती विश्वास ठेवायचा हे रिसर्चवाल्यांना वेगळं सांगायला नको. ट्यूब पिंजऱ्यातच ठेवली तर वेळही फारसा जास्त जात नाही, हात बसेपर्यंत काय तो त्रास.

दुसरं, वेदना ओळखणं. उंदीर दुखणं लपवतो, त्यामुळे फिरतोय-खातोय म्हणजे बरा आहे असं धरून चालत नाही. त्याच २०१० मध्ये ग्रिमेस स्केल, म्हणजे चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत आली, त्यात डोळे किती बारीक केलेत, नाक आणि गाल फुगलेत का, कान आणि मिशा कशा आहेत हे बघून मार्क द्यायचे. वाचून सोपं वाटतं, पण एकाच फोटोला दोन जण वेगवेगळे मार्क देतात, म्हणून आमच्या सेशनचा बराचसा वेळ यातच जातो आणि तो जायलाच हवा.

कार्बन डायऑक्साइडने युथनेशिया (प्राण्याला कमीत कमी त्रास देऊन मारणं) करत असाल तर भिंतीवर चिकटवलेला एसओपी, म्हणजे कामाच्या पद्धतीचा लेखी कागद, कधीचा आहे ते आजच बघा. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्ये गॅसचा वेग मिनिटाला चेंबरच्या आकारमानाच्या १० ते ३० टक्के होता, २०२० मध्ये तो ३० ते ७० टक्के झाला. कागद जुनाच राहिला तर माणूस मन लावून जुन्याच पद्धतीने काम करत राहतो, त्यात त्याची काय चूक.

ट्रेनिंगला फक्त व्हेटना पाठवू नका प्लीज. पिंजरे साफ करणारा, पाणी भरणारा माणूस प्राण्याला रोज बघतो, काही बिनसलं की पहिल्यांदा त्यालाच कळतं. त्याच्यासाठी ॲलर्जीचा भागही ठेवलाय, कारण उंदरांच्या लघवीतल्या प्रोटीनमुळे शिंका, डोळ्यांना खाज, काहींना पुढे दमासुद्धा होतो आणि लोक सर्दी समजून अंगावर काढतात. मनावर येणाऱ्या ताणाबद्दलही बोलतो, ज्यांना सांभाळलं त्यांनाच शेवटी मारावं लागतं हे सोपं नसतं, पण कोणाला जबरदस्तीने बोलायला लावत नाही.

बॅच छोटी असते, हँडलिंग आधी मॉडेलवर, मग देखरेखीखाली. नुसतं हजेरीचं सर्टिफिकेट आम्ही देत नाही, कोणाला कुठलं काम जमलं आणि कुठल्या कामाला अजून सराव हवा ते लिहून देतो, ते तुमच्या ट्रेनिंग रेकॉर्डला लावता येतं. बुकिंग करताना तुमच्याकडे कुठले प्राणी आहेत आणि कुठल्या प्रोसिजर चालतात तेवढं कळवा, सेशन त्यानुसारच ठरवू.