गिरणी आणि यंत्रमाग: दुहेरी अर्थव्यवस्थेची पार्श्वभूमी

गरीब देशांत एक पारंपरिक आणि एक आधुनिक अशा दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात, ही मांडणी डच अर्थतज्ज्ञ बूके यांनी तेव्हा डच वसाहत असलेल्या इंडोनेशियाकडे पाहून केली. सेंट लुशियात जन्मलेल्या अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये तिला वेगळं वळण दिलं. शेतीत हात जास्त, काम कमी. कारखाना ते हात थोड्या अधिक मजुरीवर ओढून घेतो, नफा पुन्हा कारखान्यात घालतो आणि फाजील हात संपले की मजुरी चढू लागते. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनीही १९५५ मध्ये विषमता आधी वाढून मग उतरत असावी, असा अंदाज बांधला.

मुंबईत हा खेळ शंभर वर्षं आधीच सुरू झाला होता. कावसजी दावर यांची कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये चालू झाली. पुढे रत्नागिरी-साताऱ्याचे गडी आले, पण त्यांचं घर गावीच राहिलं. पोरंबाळं, म्हातारे, आजारपण, संपातले उपाशी महिने, सगळं गावच्या तुकडाभर शेतावर. एकट्या गड्यापुरता पगार देऊन मालकांचं भागलं ते त्यामुळेच. म्हणून ‘मागास’ आणि ‘आधुनिक’ अशा दोन अलग अर्थव्यवस्था होत्या, हे मला पटत नाही. एकीचा खर्च दुसरी सोसत होती. गिरणीच्या आतही कायम कामगार आणि गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळावं म्हणून दारात वाट पाहणारा बदली कामगार, अशी दरी होतीच.

स्वातंत्र्यानंतर कायम कामगाराला बोनस, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. पण हातमाग जगावा म्हणून सरकारने गिरण्यांच्या माग वाढवण्यावर बंधनं घातली आणि फावलं गिरणीबाहेरच्या छोट्या कारखान्यांतल्या, विजेवर चालणाऱ्या यंत्रमागाचं. गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडीत पुन्हा खडखडू लागले; मालेगाव, इचलकरंजीही वाढली. एका छपराखालचे माग नातेवाइकांच्या नावांवर वाटायचे, कामगार दहाच्या आत दाखवायचे, की कारखाने कायदा चार हात लांब! पाळी बारा तासांची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा काही मालकांनी यंत्रमागावर कापड विणून घेऊन बाजार सांभाळला. लुईस यांच्या हिशेबात न बसणारा प्रवास इथून दिसतो: काम गिरणीतून बाहेर, स्वस्त मजुरीकडे गेलं. संपानंतर हजारोंना गिरणीत परत घेतलं नाही.

हे केवळ गिरणगावापुरतं, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीपुरतं नव्हतं. १९९९-२००० ते २००४-०५ या काळात संघटित क्षेत्रात जो रोजगार वाढला, तो सगळा असुरक्षित स्वरूपाचा होता, असं असंघटित क्षेत्राच्या अभ्यासासाठी नेमलेल्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने नोंदवलं.