खोकला, पाळीव कुत्र्यांचा

घसा, श्वासनळी किंवा फुप्फुसांकडे जाणाऱ्या मोठ्या नलिका यांत काही खुपले, साचले किंवा बाहेरून दाब आला, की तो अडथळा उडवून लावण्यासाठी कुत्रा जोराने श्वास सोडतो, तो खोकला. साधा घसा धरण्यापासून हृदय थकण्यापर्यंत कशाचेही ते लक्षण असू शकते. सातारा-सांगलीकडे मात्र कुत्रा खोकू लागला की घरचे निदान बहुधा एकच असते : 'नरड्यात हाड अडकलंय.' क्वचित ते खरेही निघते. एरवी हाड शोधण्यात चार दिवस जातात, आणि एका रोगात तर ते शोधणे माणसाच्याच जिवावर बेतते.

ओळख

अंगणात हुंदडणारा कुत्रा मध्येच थांबतो. पुढचे पाय फाकवतो, मान जमिनीकडे लांबवतो आणि बरगड्या आत ओढत 'हाक्, हाक्' असा कोरडा आवाज काढू लागतो. तीन-चार उबळी झाल्या की शेवटी घसा खरवडल्यासारखे करून चमचाभर पांढरा फेस टाकतो, आणि लगेच शेपूट हलवत पुन्हा कोंबड्यांच्या मागे लागतो. तो फेस पाहून घरचे म्हणतात, 'उलटी झाली.' ती उलटी नव्हे. उलटीच्या आधी कुत्रा अस्वस्थ होतो, ओठ चाटतो, त्याचे पोट लाटांसारखे आकसते आणि बाहेर अन्न किंवा पिवळे पित्त पडते. इथे आधी खोकला येतो आणि फेस त्याच्या शेवटी.

दुसरी गफलत उलट्या शिंकेची. पामेरियन, पग अशी लहान कुत्री अचानक कोपरे बाहेर काढून ताठ उभी राहतात आणि तोंड मिटून नाकाने 'घुर्र-घुर्र' करत हवा आत ओढतात. पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. कुत्रा अर्ध्या मिनिटात ठीक होतो. हवा आत जाते की बाहेर येते, एवढे पाहिले तरी उलटी शिंक आणि खोकला वेगळे ओळखता येतात.

आवाजावरून धोका मोजणे मात्र फसवे आहे. खोकल्याची उबळ उठवणारे चेतातंतू घसा, श्वासनळी आणि मोठ्या नलिकांत असतात. फुप्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांत ते नसतात. त्यामुळे घसा धरलेला कुत्रा सगळी आळी जागवतो, पण न्यूमोनिया झालेला कुत्रा दबक्या आवाजात दोनदा खाकरून कोपऱ्यात पडून राहतो. घाई करावी ती या दुसऱ्यासाठी.

केनेल कफ

एकाएकी सुरू होणाऱ्या मोठ्या, कोरड्या खोकल्याचे नेहमीचे कारण म्हणजे हा संसर्ग. इंग्रजी 'केनेल' म्हणजे कुत्री ठेवण्याची जागा, 'कफ' म्हणजे खोकला; मराठी 'कफ' म्हणजे मात्र बेडका. त्यामुळे नाव ऐकून अनेकांना वाटते की कुत्र्याची छाती भरली. प्रत्यक्षात हा खोकला कोरडा, भोंग्यासारखा असतो आणि गळ्याच्या पट्ट्याला हिसका बसला की हमखास येतो. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जिवाणू, पॅराइन्फ्लुएंझा विषाणू, अ‍ॅडिनोव्हायरस-2, मायकोप्लाझ्मा यांपैकी एक किंवा अनेक मिळून तो घडवून आणतात. माणसाच्या डांग्या खोकल्याचा जिवाणू बोर्डेटेलाच्याच कुळातला. श्वासनळीच्या अस्तरावर सूक्ष्म रोम असतात आणि ते धूळ-कफ सतत वर ढकलत असतात; बोर्डेटेला नेमका त्यांनाच चिकटतो आणि ही झाडलोट बंद पाडतो. उबळ थांबत नाही ती यामुळे.

लागण झाल्यापासून साधारण 3 ते 10 दिवसांत खोकला दिसतो. खोकल्याचे तुषार आणि सामायिक पाण्याचे भांडे एवढे त्याला पुरते. जिथे कुत्री एकत्र येतात तिथे तो पसरतो : डॉग हॉस्टेल, प्रशिक्षणाचे मैदान, श्वानप्रदर्शन, विक्रेत्याकडचे पिंजरे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीत माणसांबरोबर जनावरांनाही मिळेल त्या कोरड्या जागी दाटीने राहावे लागले. अशी ओली दाटी या रोगाला सोयीचीच असते. एरवी धट्ट्याकट्ट्या कुत्र्यात हा खोकला एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. ताप नसेल आणि कुत्रा खात-खेळत असेल, तर सुरुवातीचे दहाएक दिवस प्रतिजैविकाशिवाय पाहता येतात. ताप, सुस्ती किंवा घट्ट शेंबूड दिसल्यास डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. ही गोळी कोरडी भरवू नये. अन्ननलिकेत चिकटली तर तिथे व्रण पडतो. वर घासभर अन्न किंवा पाणी द्यावे. खोकला थांबल्यावरही कुत्रा काही आठवडे जंतू सोडत असतो.

लस न दिलेल्या पिलाच्या खोकल्याला मात्र केनेल कफ म्हणून सोडून देता येत नाही. तो डिस्टेंपर हा विषाणूचा रोग असू शकतो : डोळ्यांत चिपडे, नाकातून पू, ताप, जुलाब, मग पंजांचे तळवे टणक होणे आणि शेवटी झटके किंवा जबड्याची चघळल्यासारखी हालचाल. या विषाणूवर नेमके औषध नाही. पिलांच्या पोटातल्या गोलकृमींच्या अळ्याही वाढताना फुप्फुसांतून प्रवास करतात आणि त्या वेळी पिलू खोकते. ते साध्या जंताच्या औषधाने भागते.

म्हातारी आणि लहान चणीची कुत्री

वाड्याच्या ओसरीवरचा दहा वर्षांचा पामेरियन अनोळखी माणूस आला की भुंकायला लागतो आणि भुंकता भुंकता बदकासारखा 'क्वँक्-क्वँक्' खोकतो. श्वासनळी उघडी ठेवणाऱ्या इंग्रजी सी अक्षरासारख्या कूर्चेच्या कड्या सैल पडल्याची ही खूण. श्वासनळी आतल्या आत चपटी होत असते. असा कुत्रा लठ्ठ असेल तर वजन उतरवणे हा अर्धा उपचार. पट्टा गळ्याला नव्हे, छातीला बांधावा.

हृदयाच्या खोकल्याची चाल वेगळी. तो रात्री, आडवे झाल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढतो. कुत्रा लवकर दमतो, पुढे पोटात पाणी होऊन ते सुटल्यासारखे दिसते. लहान जातींत म्हातारपणी हृदयाची झडप गळू लागते, तर डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत हृदयाचा स्नायूच पातळ पडतो. पोट सुटले म्हणजे कुत्रा 'अंगाला लागला' असे समजून लोक वाट पाहतात, हा या रोगातला सर्वांत वाईट योगायोग.

इथल्या मातीतली कारणे

ऊसपट्ट्यात, विशेषतः कराड, वाळवा, पलूसकडे, तोडणीनंतर शेतात पाचट पेटवतात आणि गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडे जळत असतात. अशा हंगामात वस्तीवरचा कुत्रा खोकला तर त्याची बांधायची जागा वाऱ्याच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहावे. घरातली धूप-अगरबत्ती, विड्या आणि सांगलीच्या हळद बाजारात उडते तशी बारीक धूळ यांनीही जुना खोकला चिघळतो.

माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर कुसळी गवत असते. लांब पायांचे कारवानी कुत्रे त्यातून सुसाट पळतात. कुसळाचे दात एकाच दिशेला असल्याने ते पुढेच सरकते, मागे येत नाही. नाकात गेले तर कुत्रा शिंकून बेजार होतो. श्वासनलिकेत गेले तर महिनोन् महिने खोकला, तोंडाला घाण वास, आणि औषध बंद केले की पुन्हा येणारा ताप. ते दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेनेच निघते. गोठ्याभोवती वावरणाऱ्या कुत्र्यांत आणखी एक पाहुणा सापडतो : स्पायरोसर्का नावाचा कृमी. शेणकिडा खाल्ल्याने तो पोटात जातो आणि अन्ननलिकेच्या भिंतीत गाठी करतो. घास गिळताच परत येणे आणि अधूनमधून खोकला ही त्याची लक्षणे, आणि इथेही घरचे म्हणतात, हाड अडकलंय.

हाड आणि रेबीज

हाड खरोखर श्वासाच्या वाटेवर अडकले तर कुत्रा दोन दिवस खोकत बसत नाही. त्याला भुंकता येत नाही, तो पंजाने तोंड ओरबाडतो, जीभ निळी पडते, आणि हे सगळे खाता खाता मिनिटभरात घडते. भाकरीचा गोळा, केळे किंवा तूप भरवून हाड खाली ढकलण्याची रीत आहे. त्याने अडकलेली वस्तू जास्तच रुतते, आणि तूप फुप्फुसात गेले तर वेगळाच न्यूमोनिया होतो.

आता ती जिवावरची गोष्ट. रेबीजच्या मुक्या प्रकारात कुत्रा चावत सुटत नाही. त्याच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, पाणी गिळता येत नाही. नेमके हेच चित्र 'हाड अडकल्याचे' वाटते आणि मायेने कोणीतरी तोंडात हात घालतो. लसीची खात्री नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात कधीही हात घालू नये. घातला गेलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे हात धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. कुत्र्याने चावा घेतलेला नसतो म्हणून अशी माणसे लस घ्यायला जात नाहीत. लाळ आणि नखाजवळचा एक ओरखडा पुरतो.

घरी काय करावे

कुत्रा गाढ झोपला असताना त्याच्या कुशीकडे पाहावे. कूस एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. 30 सेकंदांतले श्वास मोजून ती संख्या दुप्पट करावी. झोपेत मिनिटाला 30 पेक्षा कमी श्वास हवेत. रोज रात्री तो आकडा वाढत चालला असेल तर कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि डॉक्टरांकडे न्यावा. हिरड्या गुलाबी हव्यात. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्याची जीभ पाहावी. निळसर किंवा राखी रंग, मान ताणून बसणे, झोपताच न येणे यांपैकी काही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. शरीराचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हाताला गरम लागणे म्हणजे ताप नव्हे. आणि खोकल्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा. दवाखान्याच्या टेबलावर चढवलेला कुत्रा घाबरून हटकून खोकायचा थांबतो.

न्हाणीघरात गरम पाणी सोडून दहा मिनिटे वाफेत बसवणे, थोडा मध, चालणे-भुंकणे कमी करणे, एवढे पुष्कळ. आपल्याकडचा खोकल्याचा बटवा मात्र कुत्र्याला लागू नाही. कांद्याचा रस आणि लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कापूर आणि बाम तो चाटतो, आणि कापूर विषारी आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी जठर आणि मूत्रपिंडे जातात. साखरमुक्त सिरपमधल्या झायलिटॉलने रक्तातील साखर धोकादायक इतकी उतरते. छातीत कफ असताना खोकला दाबणारे औषध देणे म्हणजे मोरीचे तोंड बुजवणे.

दवाखाने आणि लस

तालुक्याच्या 'गुरांच्या दवाखान्यात' कुत्र्यांनाही तपासतात; तिथली गर्दी गाई-म्हशींची असते एवढेच. एक्स-रे, सोनोग्राफीसारख्या तपासण्यांसाठी मोठ्या दवाखान्यात जावे लागते. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे 1988 मध्ये सुरू झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ज्यांचे नाव त्याला आहे ते पत्री सरकारचे नेते आजच्या सांगली जिल्ह्यातल्या येडे मच्छिंद्रचे.

'सेव्हन इन वन', 'नाइन इन वन' या नावांनी मिळणाऱ्या लशीत डिस्टेंपर, अ‍ॅडिनोव्हायरस आणि पॅराइन्फ्लुएंझा येतात. पिलाला 6 ते 8 आठवड्यांपासून ती सुरू करून 16 आठवड्यांपर्यंत पुढचे डोस देतात. बोर्डेटेला तिच्यात नसतो. त्याची लस वेगळी, नाकपुडीत थेंब सोडण्याची, आणि साधारण वर्षभर टिकणारी. बोर्डेटेलाविरुद्ध ती तीन दिवसांत काम करू लागते, पण तिच्यातल्या पॅराइन्फ्लुएंझाच्या भागाला तीन आठवडे लागतात. दिवाळीत गावाला जाताना कुत्रा हॉस्टेलमध्ये ठेवायचा असेल, तर ही लस घटस्थापनेच्या सुमारास दिलेली बरी.